झाड आपलं, कवेलू शेजाऱ्याचे

शेजाऱ्यानं आपल्या झाडाबद्दल तक्रार केली आहे, असं आपल्या माणसांना सांगून बघा. बहुतेक जण आधी विचारतात, “कोण आहे तो?” फांदी कुठे गेली, काय मोडलं, कुणाला लागलं का, हे सगळं नंतर. आणि या ‘कोण’चा अर्थ हल्ली एकच उरला आहे. शेजारी आपल्यातला निघाला तर सल्ला मिळतो, “मिटवून टाक, कशाला वाढवतोस.” दुसऱ्या समाजाचा निघाला तर, “झुकू नकोस, आज झाड म्हणतो, उद्या घर म्हणेल.” झाड तेच, फांदी तीच, फुटलेले कवेलूही तेच. सल्ला मात्र नावाप्रमाणे बदलतो. त्या शेजाऱ्याच्या घरीही याच वेळी कुणीतरी त्याला असाच सल्ला देत असतं, हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं असं आहे की झाडाची तक्रार आली तर ती आधी झाडाची तक्रार म्हणूनच वाचावी. नुकसान काय, कुणाचं, किती, हे बघावं. आणि पहिलं पाऊल झाडाच्या मालकानं टाकावं, कारण फांदी त्याची आहे. याला झुकणं म्हणत नाहीत. हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून सांगतो आहे, म्हणून आधी तो थोडक्यात.

आमचं घर गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात आहे. मी नागपूरला मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो, अम्मी-अब्बा गावी राहतात. अब्बांनी घर घेतलं तेव्हाच अंगणात दोन मोह आणि मागच्या कुंपणाजवळ एक ऐन होता. आज तिन्ही झाडं घराच्या दुपटीहून उंच आहेत. आमच्या एका बाजूला एका शेतकऱ्याचं कवेलूचं घर आहे, मागच्या बाजूला एका गोंड कुटुंबाचं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कवेलूच्या घरचे काका अब्बांकडे आले आणि म्हणाले, “चाचा, तुमच्या मोहानं माझे कवेलू फुटले ना जी. पावसाळ्याच्या आत काहीतरी करा. आणि तो ऐनही जरा पाहा.”

मी त्या शनिवारी गावी गेलो, वही घेतली आणि काकांच्याच ओसरीवर बसून त्यांचं सगळं म्हणणं लिहून घेतलं. आमच्या धंद्यात कुणी “तुमचा प्रोग्राम बिघडलाय” असं म्हटलं की आम्ही विचारतो, नेमकं काय केल्यावर काय होतं. ही सवय गावातही उपयोगी पडते. ‘झाडाचा त्रास’ असं एका शब्दात जे आलं होतं, त्यातून चार निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. मोहाची एक जाड फांदी त्यांच्या छपरावर गेली होती, तिचा शेंडा वाळला होता आणि वाऱ्यात त्याचे तुकडे पडून कवेलू फुटत होते. दुसरं, त्याच फांदीवरून वानरं छपरावर उतरत. वानरांच्या टोळीनं एकदा उड्या मारल्या की कवेलूंची काय गत होते, हे कवेलूच्या घरात राहिलेल्यालाच कळतं. तिसरं, ऐनाची सावली त्यांच्या सांदवाडीवर पडून वांगी-टमाटे नीट होत नव्हते. आणि चौथं, जे त्यांनी सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं: मे महिन्यातल्या वादळात झाड पडलं तर नातवंडं झोपतात तीच खोली खाली येईल, ही भीती.

ही चार दुखणी एकाच औषधानं बरी होणारी नाहीत. पहिल्या दोघांत उघड नुकसान आहे. तिसऱ्यात तोटा आहे, पण तो सावलीचा. चौथ्यात भीती आहे आणि ती खरी की खोटी हे झाड तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे भांडण इथेच चुकतं. तक्रार करणारा म्हणतो “झाडच तोडा”, मालक म्हणतो “पानालाही हात लावू देणार नाही”, आणि मधल्या चारही गोष्टी बाजूला राहतात.

आता आपल्या वाचकांपैकी काहींना आवडेल आणि काहींना नकोसं वाटेल असं थोडं. भारतात झाडाचं भांडण शरीअतवर चालत नाही. १९३७ चा शरीअत कायदा विवाह, वारसा, वक्फ वगैरे ठरावीक गोष्टींपुरता आहे आणि झाडांना देशाचा कायदा लागू होतो. तो तसाच असावा, असं माझं मत आहे. पण शेजारी आला की आपण कसं वागायचं, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. त्याबद्दल आपल्या परंपरेत फार स्पष्ट सामग्री आहे आणि ती आपल्या जुम्म्याच्या बयानात क्वचितच ऐकू येते.

झाड लावण्याचं पुण्य आपल्याला पाठ असतं. माणूस, पक्षी, जनावर यांपैकी कुणीही त्या झाडाचं खाल्लं तर लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, ही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस वृक्षारोपणाच्या प्रत्येक फ्लेक्सवर असते. समुरा बिन जुंदुब (रजि.) यांच्या खजुरांची हकीकत मात्र फ्लेक्सवर कधी येत नाही. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे. एका अन्सारी माणसाच्या बागेत समुरांची काही खजुरीची झाडं होती. बागेत त्या माणसाचं कुटुंब राही आणि समुरा झाडांकडे ये-जा करत, त्याचा त्या घराला त्रास होई. त्यानं झाडं विकत मागितली, समुरा नाही म्हणाले. दुसरीकडची झाडं बदल्यात देऊ केली, तरी नाही. प्रकरण प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यापुढे गेलं. त्यांनीही विकायला सांगितलं, अदलाबदल सुचवली, शेवटी बक्षीस म्हणून देऊन टाक, तुला त्याचा मोठा मोबदला मिळेल, असं सांगितलं. समुरा प्रत्येक वेळी नाही म्हणाले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना नुकसान करणारा ठरवलं आणि अन्सारीला सांगितलं, जा, त्याची झाडं उपटून टाक.

या हदीसच्या कथनसाखळीत मध्ये दुवा तुटतो, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, तेही सांगायला हवं. पण तिच्यामागचं तत्त्व, म्हणजे कुणाचं नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे मुवत्ता आणि इब्न माजात आहे. इमाम नववींच्या चाळीस हदीसांच्या प्रसिद्ध संग्रहात ते बत्तिसाव्या क्रमांकावर आहे. मला या हकीकतीत निकालापेक्षा त्याआधीची रांग महत्त्वाची वाटते. विकणं, बदलणं, देऊन टाकणं, असे तीन मार्ग मालकापुढे ठेवले गेले आणि झाड उपटणं सगळ्यात शेवटी आलं. झाडावर मालकी समुरांचीच होती, ती कुणी नाकारली नाही. नाकारला तो त्यांचा हट्ट.

याच्या उलट टोकाला अबुद्दहदाह (रजि.) आहेत. एकाला भिंत बांधायची होती आणि मध्ये दुसऱ्याचं खजुरीचं झाड येत होतं. मालक द्यायला तयार नव्हता. अबुद्दहदाहनी आपली आख्खी बाग देऊन ते एक झाड घेतलं आणि शेजाऱ्याची अडचण संपवली. ही हकीकत मुस्नद अहमदमध्ये आहे. प्रत्येकानं बाग द्यावी, असं कुणी म्हणत नाही. मीही दिली नसती.

उस्मानी साम्राज्यानं १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हाच्या आधारे दिवाणी कायद्याची कलमवार संहिता केली, तिला मजल्ला म्हणतात. तिच्यात शेजाऱ्यांवर एक वेगळं प्रकरण आहे आणि ते वाचताना मला काकांच्या ओसरीवरची वही आठवत होती. फांद्या शेजाऱ्याच्या घरावर किंवा बागेवर गेल्या तर त्या बांधून मागे ओढायला किंवा कापायला लावण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे. पण झाडाच्या सावलीनं माझ्या पिकाचं नुकसान होतं एवढ्यावरून झाड तोडता येत नाही. पुढे असंही आहे की घराचा वारा किंवा समोरचा देखावा अडला, तर ते मोठं नुकसान धरत नाहीत. घरातला उजेडच पूर्ण बंद झाला, तर धरतात. घर खिळखिळं होणं, पडणं, राहण्याजोगं न उरणं, हे तर मोठं नुकसान आहेच. एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये बसून कुणीतरी आमच्या काकांच्या चार तक्रारींची विभागणी करून ठेवली होती.

आपल्या देशाचा कायदाही साधारण याच वळणानं जातो, फक्त त्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत. धारण केलेल्या जमिनीवरची झाडं धारकाची, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २५ व्या कलमात आहे. शेजाऱ्याची फांदी आपल्या हद्दीत आली तर आपल्या बाजूनं कापता येते, हे तत्त्व इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयानं १८९४ मध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात पक्कं केलं आणि आपल्याकडचे वकील आजही त्याचं नाव घेतात. उजेड आणि वारा यांचा हक्क १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यात आहे, पण त्यासाठी इमारतीला तो वीस वर्षं विनाअडथळा मिळत आलेला असावा लागतो. हा कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि आमच्या मध्य प्रांतालाच लागू होता. म्हणजे मुंबईकरांच्या आधी तो आमच्या आजे-पणज्यांना लागू झाला. झाड पडून कुणाला इजा होईल अशी अवस्था असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. आणि तिथेही झाड काढून टाकणं हा एकच पर्याय नाही, त्याला आधार देणं हाही आहे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मालक आणि शेजारी दोघंही राजी असले तरी महाराष्ट्रात झाड आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. शहरांत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा ‘तोडणं’ धरलं जातं, म्हणून फांद्या छाटण्याआधीही पालिकेला विचारावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. खेड्यांत १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, त्याच्या यादीतल्या जातींना वनखात्याची परवानगी लागते. त्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत, सागवान, खैर, बीजा आहेत, आणि मोह व ऐन दोन्ही आहेत. झाड आदिवासी खातेदाराचं असेल तर त्याच्या विक्रीसाठी १९६९ चा आणखी एक कायदा आहे. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी आदिवासींना फसवू नये म्हणून तो करावा लागला. तेव्हा “तोडून टाका” हे म्हणणं सोपं आहे, पण ते करणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि तो मालकावर होतो, तक्रार करणाऱ्यावर नाही.

उलट बाजूही आहे. झाडावरचं प्रेम दाखवताना धोका हसण्यावारी नेणारे लोक मला आवडत नाहीत. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि ती दगावली. ते झाड काढायची परवानगी रहिवाशांनी आधीच मागितली होती आणि महापालिकेनं ती नाकारली होती. काकांच्या चौथ्या तक्रारीला मी सगळ्यात जास्त वजन दिलं ते यामुळेच.

आम्ही काय केलं ते सांगतो. सर्वात आधी कवेलू. झाडाचं काय करायचं हे ठरण्याआधीच अब्बांनी स्वतः उभं राहून काकांचे फुटलेले कवेलू बदलून घेतले. खर्च किरकोळ होता. पण त्यानंतर काकांचा आवाज बदलला आणि पुढची सगळी बोलणी चहावर झाली. मग वनखात्याच्या माणसाच्या कानावर घालून, त्याला झाडं दाखवून, मोहाची वाळकी फांदी लगेच उतरवली. उरलेली ओली फांदी मोह फुलून गेल्यावर मेमध्ये काढायची असं ठरलं, कारण मोहाची अर्धी फुलं काकांच्याच अंगणात पडतात आणि ती त्यांच्याच घरची बाई वेचते. फेब्रुवारीत ती फांदी कापली असती तर काकांचाच हंगाम गेला असता. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तेच म्हणाले, थांबा.

फांदी कशी काढायची यालाही पद्धत आहे. आपल्याकडे छाटणी म्हणजे झाडाचं मुंडकं उडवणं. शेंडा उडवलेल्या झाडाला त्या ठिकाणी घाईघाईनं कोवळे फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी तेच वादळात मोडून पडतात. कापलेल्या बुंध्यात पाणी शिरून तो कुजतो. म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे तिचा थोडा फुगीर भाग असतो, त्याच्या लगेच बाहेर कापावं. आधी खालून अर्धवट काप द्यावा, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नेत नाही. जड फांदी दोर बांधून तुकड्यातुकड्यानं उतरवावी. गावात हे जाणणारी माणसं असतात, फक्त त्यांना मजुरी कमी आणि घाई जास्त दिली जाते. फांदी गेल्यावर वानरांची वाटही बहुतेक बंद झाली. बहुतेक म्हणतो, कारण वानरं आमच्यापेक्षा हुशार आहेत.

वादळाच्या भीतीसाठी मोहाचं खोड, बुंध्याजवळची माती, पोकळी, बुरशी, भेगा हे सगळं त्या माहितगार माणसाबरोबर काकांना घेऊनच पाहिलं. झाड एका बाजूला कललेलं आहे म्हणजे पडणार, असं नसतं. वर्षानुवर्षं तसंच वाढलेलं झाड मुळांनी स्वतःला सावरून धरतं. अचानक कललेलं, बुंध्यापाशी जमीन उचललेली, मुळं एका बाजूनं तोडलेली, असं झाड असलं तर मात्र एक रात्रही थांबू नये. आमच्या मोहात तसं काही नव्हतं. हे काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी का मानावं?

ऐनाचा प्रश्न वेगळा होता आणि तो सावलीपुरताही राहिला नाही. हा ऐन कागदावर आमचा आहे. पण मागच्या गोंड कुटुंबातल्या आजी नवं धान आलं की त्याचे दाणे आधी त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवतात, आम्ही तिथे राहायला येण्याच्या आधीपासून. ऐनाला ते साजा म्हणतात आणि बडादेवाचा वास त्यात मानतात. कचारगड आमच्यापासून जवळ आहे. धनेगावजवळच्या डोंगरातल्या त्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो गोंड येतात, दरेकसा स्टेशन माणसांनी भरून जातं. लिंगोनं गुहेत कोंडलेल्या मुलांना जिथून सोडवलं ती ही जागा, असं ते मानतात. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात या यात्रेला संघटित रूप दिलं. गोंडी परंपरा सांगते की साडेसातशे कुळं आहेत आणि प्रत्येक कुळानं एक झाड, एक जनावर आणि एक पक्षी सांभाळायचा. शेजारधर्म म्हणून बघितलं तर याहून मोठी वाटणी मला माहीत नाही.

तर मोहाची वाळकी फांदी उतरवली ती नेमकी यात्रेच्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोडलेल्या फांदीचा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं की मुसलमान साजा तोडत आहेत, यात्रेच्या तोंडावर. टाकणारा मुलगा आमच्या गल्लीतलाही नव्हता. तासाभरात तो संदेश शेजारच्या दोन गावांत पोचला होता. त्याला उत्तर आम्ही दिलं नाही. आजींच्या मुलानं दिलं: फांदी मोहाची आहे, वाळलेली आहे, तोडण्याआधी यांनी आम्हाला सांगितलं होतं, साजा जिथल्या तिथे आहे, येऊन पाहा. सोबत उभ्या ऐनाचा फोटो. विषय संपला. तो का संपला, तर कुऱ्हाड लावण्याच्या आदल्या संध्याकाळी अम्मी त्यांच्याकडे जाऊन पाच मिनिटं बसून आली होती. ज्यांची तक्रारच नव्हती अशा शेजाऱ्याला सांगायची गरज काय, असं मला एका नातेवाइकानं विचारलं होतं. त्याला मी नंतर तो संदेश दाखवला.

काकांना आम्ही स्पष्ट सांगितलं की ऐन तोडणार नाही. त्यांच्या बाजूच्या खालच्या फांद्या विरळ करू, म्हणजे सकाळचं ऊन सांदवाडीत येईल, पण एवढंच. ते पूर्ण खूश नाहीत. वांगी यंदाही बेतानंच आली, असं ते आम्हाला ऐकवतात. पण ऐन तोडायची मागणी त्यांनी पुन्हा केली नाही आणि कवेलूंचं काम आम्ही केलं हेही ते चारचौघांत सांगतात. शेजारी संपूर्ण समाधानी झालाच पाहिजे, असा हट्ट मालकानं धरू नये. नुकसान थांबलं की मालकाची जबाबदारी पुरी होते. आवडनिवडीचा भाग राहतो, तो राहू द्यावा.

इंग्लंडमध्ये उंच कुंपणांच्या भांडणांनी इतका उच्छाद मांडला की २००३ च्या कायद्यात त्यांच्यासाठी वेगळा भाग घालावा लागला. दोन मीटरहून उंच, सदाहरित झाडांच्या कुंपणामुळे उजेड अडत असेल तर पालिकेकडे तक्रार करता येते. पण आधी शेजाऱ्याशी बोलून सोडवायचा पुरेसा प्रयत्न केला नसेल तर पालिका ती फेटाळू शकते. आपल्या ग्रामपंचायतींनी आणि तंटामुक्ती समित्यांनी एवढी एक अट उचलली तरी अर्धे अर्ज दारातूनच परत जातील.

आता ज्या प्रश्नाला मी टाळतो आहे असं काहींना वाटत असेल, तो. तक्रार खरंच झाडाची नसून आपल्या नावाची असली तर? तसं होतं. भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या माणसाला हे शिकवायला नको, नागपुरात मीही ते ऐकून घेतलं आहे. पण तक्रार झाडाची आहे की नावाची, हे ओळखायचा मार्गही झाडावरूनच जातो. खरं नुकसान दुरुस्त करा आणि बघा. फांदी गेली, कवेलू बदलले, आणि तक्रार संपली, तर ती फांदीची होती. फांदी गेल्यावर तीच तक्रार सांडपाण्यावर, मग गाडीवर, मग पाहुण्यांवर सरकू लागली, तर ती फांदीची नव्हती. तक्रार तुमच्याकडे न येता आधी तिसऱ्याकडे गेली, लेखी मागितली तर कुणी सही करेना, तर तेव्हाही सावध व्हा. अशा वेळी तारखा, फोटो, परवानगीचे कागद जपून ठेवा आणि सरळ कायद्याच्या रस्त्यानं जा, त्यात लाज नाही. आणि आपल्याकडून केलेल्या दुरुस्तीची नोंद हाताशी असली तर तिथेही आपली बाजू भक्कम राहते. पहिल्याच दिवशी “आम्ही मुसलमान म्हणून” असं ओरडलो तर खऱ्या भेदभावाच्या दिवशी आपल्या शब्दाला किंमत उरत नाही.

कुरआनात सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याशी आणि परक्या शेजाऱ्याशीही भलाईनं वागायला सांगितलं आहे. परका म्हणजे नात्याबाहेरचा, आणि अनेक भाष्यकारांनी त्यात दुसऱ्या धर्माचा शेजारीही धरला आहे. बकरा कापला तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा गेला का, हे अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ही गोष्ट बकरी ईदला आपण आनंदानं सांगतो. फांदीच्या वेळीही ती लागू होतेच.

आणि हे फक्त घरमालकांचं काम नाही. आपल्या अनेक मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांत चिंच, कडुनिंब, पिंपळाची मोठमोठी जुनी झाडं आहेत. त्यांच्या फांद्या शेजारच्या शेतावर, छपरावर, विजेच्या तारांवर गेलेल्या असतात. शेजारी बोलायला धजत नाही, कारण विषय धार्मिक जागेचा. मग तो मनात ठेवतो आणि एक दिवस तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, दुसऱ्याच भाषेत बाहेर पडतो. कब्रस्तानाच्या कमिट्यांनी दरवर्षी एप्रिलमध्ये कुंपणाबाहेरून एक फेरी मारावी. आतून नाही, बाहेरून, शेजाऱ्याच्या बाजूनं, आणि त्याला सोबत घेऊन. कुठली फांदी वाळली, कुठली तारेला लागते, कुठलं खोड पोकळ झालं, हे वहीत लिहावं. धोक्याच्या झाडासाठी पालिकेकडे किंवा वनखात्याकडे अर्ज पावसाळ्याआधी द्यावा आणि त्याची पोच फाईलला लावावी. आमच्या गावच्या कमिटीपुढे मी हे मांडलं आहे. यंदाच्या फेरीत कब्रस्तानाच्या पलीकडच्या धुऱ्यावरचा शेतकरी सोबत असेल. त्याच्या बांधीवर आमच्या चिंचेची एक फांदी लोंबते आहे, हे त्यानं आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.